ऐकणारा कुठे बसला आहे

बाळ रडलं की आईला पान्हा फुटतो. मेंदूत तयार झालेलं ऑक्सिटोसिन पीयूषिका ग्रंथीतून रक्तात उतरतं आणि दुग्धग्रंथींभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात. बाळंतपणाच्या कळांमागेही तेच असतं. अवघ्या ९ अमिनो आम्लांची ही साखळी. अमेरिकेतल्या व्हिन्सेंट द्यू व्हिग्नो यांनी १९५३ साली ती प्रयोगशाळेत जोडून दाखवली आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पुढे तिला 'प्रेमाचं संप्रेरक' असं लाडाचं नाव पडलं आणि सगळं कौतुक निरोपाच्या वाट्याला गेलं. निरोप घेणाऱ्याची आठवण फार थोड्यांना राहिली.

ऑक्सिटोसिन पेशीच्या आत शिरतच नाही. पेशीचं पटल सात वेळा आरपार ओलांडून बसलेलं एक प्रथिन, त्याचा रिसेप्टर, बाहेरच्या बाहेर निरोप घेतं आणि आत कळवतं. आणि ते पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. त्यात जागोजागी कोलेस्टेरॉल. हो, तेच, ज्याचा आकडा रक्ततपासणीच्या कागदावर पाहून आपल्या पोटात गोळा येतो.

जर्मनीत गेराल्ड गिंप्ल, फाल्क फारेनहोल्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली माणसाचा ऑक्सिटोसिन-रिसेप्टर कीटकाच्या पेशींत घडवून पाहिला. कीटकांना स्वतः कोलेस्टेरॉल बनवता येत नाही. त्यांच्या या पेशींच्या पटलात ते फार थोडं असतं. रिसेप्टर तयार झाला, पण ऑक्सिटोसिनवरची त्याची पकड ढिली. मग स्टार्चपासून मिळणाऱ्या सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या कडीसारख्या रेणूत बसवून कोलेस्टेरॉल त्या पटलात पोचवलं, आणि तोच रिसेप्टर ऑक्सिटोसिन घट्ट धरू लागला. उलटा प्रयोगही झाला. गर्भाशयाच्या स्नायूंच्या पटलातून त्याच कडीने कोलेस्टेरॉल काढून घेतलं, तर पकड सैल झाली. परत भरलं, तर पुन्हा आवळली. ना संप्रेरक बदललं होतं, ना रिसेप्टरचा साचा. बदलली होती ती फक्त त्याची बैठक.

पटल कडक झालं म्हणून हे घडलं असेल, अशी शंका येणं साहजिक आहे. म्हणून १९९७ साली याच गटाने शेजारी दुसरा रिसेप्टर ठेवून पाहिला: कोलेसिस्टोकायनिनचा. जेवणानंतर पित्ताशय आकुंचन पावतं ते याच पेप्टाइडमुळे, आणि मेंदूतही ते निरोप्याचं काम करतं. या रिसेप्टरला पटल किती घट्ट वा पातळ आहे एवढ्याशीच मतलब होता. घट्टपणा कुठल्या रेणूने आणला, याची त्याला फिकीर नव्हती. ऑक्सिटोसिनचा रिसेप्टर मात्र हट्टी निघाला. त्याला खुद्द कोलेस्टेरॉल हवं, किंवा निदान त्याच्या अगदी जवळच्या घडणीचा रेणू. पुढे २०२० साली झुरिकच्या शास्त्रज्ञांनी या रिसेप्टरची त्रिमित रचना उलगडली, तेव्हा त्याच्या चौथ्या आणि पाचव्या वळशाजवळ कोलेस्टेरॉलचा रेणू बसलेला दिसला.

पकड ढिली असली तरी रिसेप्टर अगदीच बहिरा होत नाही. ऑक्सिटोसिनचा मारा पुष्कळ वाढवला, तर तोही ते धरतो. हे वाचताना मला आपली घरं आठवतात. मुलगा ऐकत नाही, सासूबाई ऐकत नाहीत, की आपण तेच वाक्य वरच्या पट्टीत म्हणतो. मारा वाढवतो. समोरचा दमलेला आहे, धास्तावलेला आहे, की चारचौघांत अवघडून बसला आहे, हे बघायला फारसं कोणी थांबत नाही. रेणूंवरून माणसांचे सिद्धान्त काढू नयेत हे मला मान्य आहे. पण निरोप पोचला नाही की दोष एक तर शब्दांचा नाही तर कानांचा, असा निवाडा करण्याची आपली सवय मला या प्रयोगांनंतर फार घाईची वाटू लागली आहे. 'मिठी मारा, ऑक्सिटोसिन वाढवा' असे सकाळी सकाळी फिरणारे संदेशही त्याच घाईचे. ते किती स्रवलं हा अर्धाच प्रश्न आहे.

आता एक खुलासा, कारण असलं काही वाचलं की कोणी तरी तुपाच्या बरणीकडे वळतोच. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा साधारण २ टक्के, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मेंदूत असतो, आणि तो मेंदू स्वतःच बनवतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल तिथे जवळजवळ पोचतच नाही. तेव्हा पेशीपटलाचं हे कौतुक वाचून तुपाची धार वाढवू नका, आणि डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.