भूतदया आणि हौस

मागे एका एकादशीला वडगाव मावळात कीर्तन आटोपले. बुक्का लावून, प्रसाद घेऊन मंडळी पांगली. एक तरुण तेवढा मागे थांबला. मूळचा गावचाच, पण नोकरीनिमित्त पिंपरी-चिंचवडला बिऱ्हाड केलेला. गळ्यात तुळशीची माळ. पाया पडून म्हणाला, "बुवा, एक विचारायचं होतं. रागावणार नसाल तर विचारतो."

"विचार बाबा. कीर्तनकार रागवायला लागला तर ऐकायला कोण येईल?"

"मी घरात अजगर पाळलाय. परदेशी आहे, बॉल पायथन म्हणतात त्याला. आई म्हणते, माळकऱ्याच्या घरात हे शोभत नाही. पण तुम्हीच आत्ता सांगितलंत, भूतमात्रांत देव बघा. लोक साप दिसला की काठी घेऊन धावतात. मी त्याला जीव लावतो. मग चुकतंय कुणाचं? त्यांचं का माझं?"

प्रश्न साधा नव्हता. तिथल्या तिथे उत्तर देण्याचे धाडस मला झाले नाही. "पुढच्या एकादशीला सांगतो," म्हणालो आणि घरी आलो. पंधरा दिवसांत जे सुचले ते वाचकांपुढे ठेवतो. कारण हा प्रश्न आता त्या एकट्या पोराचा राहिलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत दडवलेले नऊ बॉल पायथन व दोन कॉर्न स्नेक सापडले. घेणारा असल्याशिवाय आणणारा कशाला आणील?

आधी त्या पोराच्या बाजूचे बोलतो, कारण ते खरे आहे. आम्ही माळकरी म्हणवतो, आणि भाताच्या खाचरात अजगर निघाला की काठ्या-कोयते घेऊन धावणाऱ्यांत आमचीच माणसे असतात. मी लहान असताना कापणीच्या दिवसांत असाच एक निघाला. अजगराला विष नसते, तो आपण होऊन माणसाच्या वाटेला जात नाही, हे तेव्हा कुणी सांगितले नव्हते. पण तो पळायला बघत होता एवढे तर मला दिसत होते. मी बांधावर उभा राहून पाहिले. त्या संध्याकाळी हरिपाठ नेहमीप्रमाणे म्हटला, एकाही ओळीला अडखळलो नाही. आज लाज वाटते ती त्या न अडखळण्याची. तेव्हा काठीवाल्यापेक्षा हा पोरगा शंभर पटीने बरा, हे मी आधीच मान्य करून टाकतो.

पण काठी टाकली म्हणजे दया आली का? प्रश्न इथून पुढे सुरू होतो.

अजगर आम्हा वारकऱ्यांना परका नाही. नाथमहाराजांचे भागवत ज्याने लावून वाचले आहे त्याला अवधूताचे चोवीस गुरू ठाऊक असतात. अवधूत यदुराजाला एकेक गुरू सांगत जातो, त्यांत नववा अजगर. त्याच्याकडून तो काय शिकला? आपसूक येईल तेवढ्यावर राहावे, रुचीसाठी धडपडू नये, न मिळाले तर पडून राहावे. पुढे साप हाही एक गुरू येतो. तो स्वतःचे घर बांधत नाही आणि एकटा फिरतो. आता गंमत बघा. ज्याच्याकडून घर नसणे शिकायचे, त्याला आपण काचेचे घर बांधून देतो. ज्याच्याकडून हौस सोडायला शिकायचे, त्यालाच हौस म्हणून विकत घेतो. अवधूताने अजगराकडून शिकवण घेतली. त्याला उचलून बरोबर नेल्याचे भागवतात कुठे नाही.

आणि आमचे तुकोबा? देहूहून भंडाऱ्याच्या डोंगरावर जात; तो डोंगर आपल्या मावळातलाच, इंदुरीजवळचा. चाकणजवळच्या भामचंद्रावर पंधरा दिवस बसले असता साप, विंचू, वाघ अंगाशी आले, असे त्यांच्याच अभंगातून कळते. रानातल्या झाडांना आणि जनावरांना त्यांनी सोयरे मानले. पण सोयऱ्याला भेटायचे तर आपण त्याच्या गावाला जातो. त्याला पोत्यात घालून घरी आणत नाही. तुकोबा डोंगरावर गेले. डोंगर त्यांनी देहूला आणला नाही.

आता कोणी म्हणेल, "बुवा, हे भावनेचे झाले. जनावर सुखात असले तर बिघडले कुठे?" तर मग जनावराचेच पाहू.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. घाना, टोगो, बेनिन या देशांतून त्याचा व्यापार चालतो. तीन-चार, फार तर पाच फुटांचा. भ्याला की डोके आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून त्याचे ते नाव. त्या पोराने मला मोबाईलवर फोटो दाखवला, "बघा बुवा, हातात कसा गोल होऊन बसलाय!" जे बघून आपल्याला कौतुक वाटते ते त्या जिवाचे भय असू शकते. अजगराच्या ओठांवर बारीक खाचा असतात. त्यांनी त्याला ऊब कळते. अंधारात उंदीर कुठे आहे ते तो उबेवरून ओळखतो. हातावर स्वस्थ पडून राहतो तेव्हा त्याला हाताची ऊब मिळत असते. ती ऊब आपल्या पोटच्या मायेची आहे, हे त्याला कोण सांगणार? तो आपल्याला सहन करतो. त्या सहन करण्याला आपण प्रेम हे नाव देतो, कारण प्रेम आपल्याला हवे असते.

माया त्याच्या जातीत नाही असे मात्र नव्हे. आपल्या सह्याद्रीतल्या अजगराची मादी अंड्यांभोवती वेढे घालून बसते. सुमारे दोन महिने, बहुधा उपाशी. गारवा वाढला तर अंग थरथरवून ऊब तयार करते आणि अंडी राखते. हे तिचे व्रत चालते ते साळिंदराच्या पडक्या बिळात नाहीतर खडकाच्या कपारीत, आणि तिथे माणसाचे काही काम नसते. ज्याला त्या जिवाची थोरवी बघायची आहे त्याने हे जाणावे.

मग खाण्याचा प्रश्न. रानात अजगर उंदीर गिळतो. त्यात त्याला पाप नाही, तो त्याचा धर्म. पण घरात तो उंदीर कोण देतो? त्यासाठी उंदीर वाढवावे लागतात, मारावे लागतात, बर्फात ठेवावे लागतात. मी त्या पोराला विचारले, "देवघर कुठे आणि उंदरांचा डबा कुठे?" तो खाली बघायला लागला. शेतकरीही उंदीर मारतो, हे मला ठाऊक आहे. पण तो पोटासाठी, धान्य राखायला. एका जिवाची हौस भागवण्यासाठी दुसऱ्या जिवांची रांग लावणे, आणि त्याला भूतदया म्हणणे, हे माळ घातलेल्याच्या जिभेला जड जायला हवे.

आता दोन आक्षेप येतात, त्यांची वाट सोडून जाणे बरे नव्हे.

पहिला: मग गाय, बैल, कुत्रा आपण पाळतो ते काय? उत्तर असे की ही जनावरे हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने वाढली. चरायला सोडलेली गाय तिन्हीसांजेला आपण होऊन गोठ्याकडे वळते. कुत्रा हाक ओळखतो. पेटीचे झाकण उघडे राहिले तर अजगर कुठे वळेल? ज्या जिवाला परत यायचे नाही त्याला ठेवून घेणे म्हणजे अडवणे. आणि नामदेवरायांची गोष्ट आठवा. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, दोरी घेऊन नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक जड. गडचिरोलीत भामरागडजवळ हेमलकशाला १९७३ साली बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथे डॉ. प्रकाश आमटे यांनी बिबटे, अस्वले, साप सांभाळले. मग ते चूक म्हणायचे का? नाही. तिथे ती जनावरे आली ती आई मेलेली, शिकारीतून उरलेली. मारून खाऊ नका, पिल्ले आम्हाला द्या, बदली धान्य देऊ, असे सांगून वाचवलेली. त्यांना सांभाळणे ही गरज होती, आणि ती गरज त्या जनावराची होती. खरा भेद इथे आहे. घरात आणताना आधी विचारावे, गरज कुणाची? त्याची असेल तर ती दया. माझी असेल तर ती हौस, मग तिला कितीही गोंडस नाव द्या.

हौस फिटल्यावर काय होते, तेही पाहू. पाळलेला बॉल पायथन वीस-तीस वर्षे जगतो. तेवढ्यात लग्न होते, मुले होतात, बदली होते. मग सोडायचा कुठे? अमेरिकेत फ्लोरिडा म्हणून प्रांत आहे. तिथे लोकांनी ब्रह्मदेशी अजगर हौसेने आणले. तो पंधरा फुटांच्याही पुढे वाढतो. घरात मावेना, तसे कित्येकांनी एव्हरग्लेड्सच्या दलदलीत नेऊन सोडले; १९९२ च्या मोठ्या वादळातही काही निसटले असावेत असे मानतात. २०१२ साली शास्त्रज्ञांनी पाहणी प्रसिद्ध केली. तिथे रॅकून दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांनी आणि रानमांजराच्या जातीच्या बॉबकॅटचे ८७ टक्क्यांनी घटलेले आढळले. सोडणाऱ्यालाही त्या वेळी वाटले असेल, आपण याला मुक्त केले, दया केली! परका जीव उद्या कोणी आपल्या इंद्रायणीच्या खोऱ्यात नेऊन सोडला तर रानातल्या किती सोयऱ्यांच्या जिवावर उठेल?

कायद्याचेही सांगून ठेवतो. आपल्या रानातला अजगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे, घरात ठेवणे हा गुन्हा. किमान तीन वर्षे कैद आणि २५ हजार रुपये दंड. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची नोंद सरकारकडे करणे २०२४ च्या नियमांनी बंधनकारक झाले आहे. म्हणजे नोंद केली की कायद्याच्या दारात माणूस सुटू शकतो. पण पांडुरंगाच्या दारात नोंदवही निराळी असते. तिथे विचारतील, "बाबा, तुला तो आवडला, हे ठीक. त्याला काय हवे होते, ते तू विचारलेस का?"

पुढच्या एकादशीला तो पोरगा आला. मी हे सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बुवा, पटलं. पण तो आता घरात आहे, त्याचं काय करू?"

मी म्हणालो, "हाच खरा प्रश्न. त्याला इथल्या रानात मुळीच सोडू नकोस, तो त्याचा मुलूख नव्हे. नोंद कर. वनखात्याला विचार, योग्य जागी ठेवायची सोय होते का ते बघ. नसेल होत, तर मरेपर्यंत नीट सांभाळ. आता ती हौस राहिली नाही, आता ते प्रायश्चित्त आहे. मात्र दुसरा आणू नकोस, आणि आणणाऱ्याला भीड न धरता सांग. तुला सापाची भीती वाटत नाही, ही देवाची देणगी आहे. आमच्या गावाला तिची गरज आहे. आपल्याकडे वन्यजीव रक्षक मावळ या संस्थेची पोरे खाचरातले, घरात शिरलेले साप धरून वनखात्यामार्फत रानात सोडतात. त्यांच्याकडे रीतसर शिक. गावात अजगर निघाला की काठीवाल्यांच्या पुढे तू उभा राहा."

"आणि तुम्ही?"

"मी वनखात्याच्या १९२६ या नंबरला फोन करीन, आणि ते येईस्तोवर बांधावर लोकांना थोपवून धरीन. लहानपणी उभा राहिलो तसा नाही."

तात्पर्य, वैष्णवहो, जिवावर प्रेम करण्याची खूण एकच. तो आपल्याकडून निघून गेला तरी आपल्याला आनंद व्हावा.

रामकृष्णहरि.