मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?



शाळकरी भीमरावांच्या सत्कारसभेत केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचून भीमरावांनी वडिलांनाच विचारले, आम्हाला रामायण-महाभारतच का वाचायला लावता, बौद्ध साहित्य का नाही? धम्मदीक्षा मात्र १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, जवळपास अर्ध्या शतकानंतर झाली. मधल्या काळात बाबासाहेबांनी इतर धर्मही पारखले. म्हणजे त्या पुस्तकाने त्यांना तयार उत्तर दिले नाही, प्रश्न विचारायचे बळ दिले.

परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना बुद्ध-भीमाची पुस्तके जरूर द्या. पण केवळ ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे कालाम सुत्त सांगते. उद्या मुलाने तुम्हालाच "का?" विचारले, तर रागावू नका. पुस्तक कामी आले समजा.

भवतु सब्ब मंगलं.