रक्षणाचा लेप

ज्याच्या अंतःकरणाला दुसऱ्याचें दुःख शिवत नाहीं त्यास आपण पाषाणहृदयी म्हणतों. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर वाढलेल्या आमच्या भाषेस ही उपमा सुचावी यांत नवल नाहीं. चुनखडकाच्या प्रदेशांत मात्र ती सुचती ना. इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत वेल्स येथें जुनें कॅथीड्रल आहे. त्याचा पश्चिमेकडील दर्शनी भाग जवळच्याच डोल्टिंगच्या चुनखडकाचा असून त्यावरील मध्ययुगीन मूर्तींपैकीं सुमारें ३०० अद्याप शिल्लक आहेत. हा दगड पाणी पितो. त्याच्या अंगांतील असंख्य सूक्ष्म छिद्रें एकमेकांस जोडलेलीं असतात. त्यांतून पाऊस आंत मुरतो, जमिनींतील ओल वर चढते, आणि छिद्र जितकें बारीक तितकी ती अधिक उंच चढूं शकते. ऊन पडलें, वारा सुटला, कीं तेंच पाणी वाफ होऊन निघून जातें.

पाणी जातें, पण त्यांत विरघळलेले क्षार मागें राहतात. ते पृष्ठभागावर जमले तर पांढरी पूड दिसते. ती कुंचल्यानें झाडतां येते. परंतु बाहेर पडण्याची वाट किंचित् आंतच अडली, तर क्षारांचे स्फटिक तेथें वाढतात व त्यांच्या दाबानें दगडाचे पापुद्रे सुटूं लागतात. मूर्तीचें नाक, बोटें, वस्त्राच्या चुण्या अशा रीतीनें नाहींशा होतात.

येथवर पदार्थविज्ञान झालें. नीतीचा प्रश्न उद्भवतो तो मनुष्याच्या साहाय्यामुळें. गेल्या दीडदोन शतकांत अनेक जुन्या इमारतींच्या सांध्यांतील जीर्ण चुना खरवडून तेथें सिमेंट भरण्यांत आलें; कोठें कोठें दगडावर पाणी रोखणारे लेपहि देण्यांत आले. हेतु निर्मळ होता. पण सिमेंटमधून ओल सहज सुटत नाहीं. पूर्वी सांध्यांतून उडून जाणारें पाणी दगडांतूनच वाट काढूं लागलें, आणि कालांतरानें सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा पुढें, व मधला दगड खोल झिजलेला, असा विपरीत देखावा कित्येक भिंतींवर दिसूं लागला. लेपाचीहि तीच गत. पाणी एखाद्या भेगेंतून आंत शिरतेंच; बंद होतें तें त्याचें निघून जाणें.

हेतु शुद्ध असला म्हणजे कर्त्याकडे दोष येत नाहीं, असें पुष्कळांचें मत आहे. आम्हांस तें पुरतें पटत नाहीं. पाण्याचें भय रक्षणकर्त्यांस होतें. दगडास शेंकडों वर्षें पाण्याची सवय होती. ज्याचें रक्षण करावयाचें त्याच्या स्वभावाची विचारपूस न करतां आपल्याच भीतीचें समाधान करून घेणें, हा दोष हेतूच्या पोटांतच असतो. पुत्रशोकानें व्याकुळ झालेल्या मातेस ‘आतां डोळे पूस, घराकडे पाहा’ असें तिसऱ्या दिवशीं सांगणारे आप्त दुष्ट नसतात. त्यांस तिचें रडणें पाहवत नाहीं, इतकेंच.

वेल्स येथें १९७०-८० च्या सुमारास रॉबर्ट बेकर यांनीं उलट मार्ग धरला. मूर्तींवर चुन्याचे थर बांधले, चुन्याची निवळी पुनःपुन्हां मुरविली, आणि शेवटीं चुना व दगडाची पूड यांचा पातळ हात दिला. निवळीनें दगड आंतून दृढ होतो हा दावा १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत टिकला नाहीं. चुना बहुतांशीं पृष्ठभागाशींच राहिल्याचें आढळलें. पण तो पातळ हात आम्हांस मोलाचा वाटतो. त्यांतून वाफ जाते, पाऊस तो झिजवितो, आणि तेवढा काळ मूर्ति झिजत नाहीं. सांध्यांतील जुना चुनाहि असाच दगडाहून दुबळा, म्हणून क्षारांचा मारा तोच आधीं सोसत असे.

यावर व्यवहारी मनुष्य विचारील, जें दर पिढीस पुनः करावें लागतें त्यास रक्षण कसें म्हणावें? आक्षेप पोकळ नाहीं. पैसा लागतो, कुशल गवंडी लागतात, आणि वर्गणी देणारास एकदांचें काम उरकलेलें हवें असतें. तथापि विल्यम मॉरिस यांनीं १८७७ सालीं प्राचीन इमारतींच्या रक्षणार्थ संस्था स्थापिली, तेव्हां जीर्णोद्धाराच्या धडाक्यापेक्षां नित्याच्या निगेवरच त्यांचा भर होता. पुष्कळदा तर दगडास हात लावण्याचेंहि कारण नसतें. पन्हळींत अडकलेला पाला काढावा, फुटका नळ बदलावा, भिंतीच्या पायथ्याशीं वर्षानुवर्षें चढलेली माती उपसून टाकावी, आणि मग भिंतीस वाळावयास एकदोन वर्षें द्यावींत. अशा कामाची कोनशिला कोणी बसवीत नाहीं.