काटा आणि गाठोडे

वडनेर भोलजीच्या शिवारात कापूस वेचणीचे दिवस आले की सायंकाळी काटा लागतो. मजुरी किलोवर असते. म्हणून प्रत्येकीचे गाठोडे सर्वांदेखत तोलले जाते. जिचे गाठोडे वर्षानुवर्षे जड भरले, तिचे एखाद्या हंगामात हलके भरते. वय ४७-४८. अंगातून अचानक वाफा निघतात, रात्रीची झोप उडते, सांधे दुखतात. सून ओळीत पुढे निघून जाते. ती मनाशी म्हणते, 'आता मी संपले.'

या विषयावर धर्मगुरूंनी लिहावे काय, असे कोणी विचारील. आम्ही हे दुःख भोगलेले नाही. ऐकलेले मात्र आहे. ऐकताना ध्यानी आले, की शरीराच्या पीडेहून तुलनेची पीडा अधिक बोचते : कालच्या स्वतःशी तुलना, सुनेशी तुलना.

पाळी सलग १२ महिने आली नाही म्हणजे ती गेली, असे वैद्यकशास्त्र मानते. बहुतेक स्त्रियांत हे ४५ ते ५५ या वयात घडते. हा आजार नव्हे. परंतु त्रास असह्य असेल, किंवा पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. स्वीकार म्हणजे मुकाट सोसणे नव्हे.

योहानकृत शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात प्रभू येशू पेत्राला सांगतो, की तरुणपणी तू हवे तेथे जात होतास. म्हातारपणी दुसरा तुझी कंबर बांधील. हे ऐकल्यावर पेत्र मागे वळून प्रभूच्या प्रिय शिष्याकडे पाहतो आणि त्याचे काय, असे विचारतो. शक्ती ओसरण्याची वार्ता आली की आपणही असेच शेजाऱ्याकडे पाहतो. प्रभू त्या प्रश्नात शिरत नाही. पेत्राला फक्त आपल्यामागे बोलावतो.

१९१९ साली रेव्हरंड टिळक निवर्तले, तेव्हा लक्ष्मीबाईंची पन्नाशी उलटली होती. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या या बाईंनी पतीचे अपुरे 'ख्रिस्तायन' पूर्ण केले आणि 'स्मृतिचित्रे' आपल्याच घरगुती मराठीत लिहिली. त्यांची वाट त्यांची होती.

हलक्या गाठोड्याची मजुरी कमी मिळते, हे नुकसान खरे आहे. ते घराने वाटून घ्यावे. पतीने आणि सुनेने टोमणे न मारता तिला सावलीत बसू द्यावे. आणि भगिनींनो, काटा कापूस तोलतो, वेचणारीला नव्हे, हे तुम्हीही विसरू नका.