सहा चेहरे, एक बाँड

स्टीव्हन रायली यांचा 'एव्हरीथिंग ऑर नथिंग' हा २०१२ चा माहितीपट जेम्स बाँडच्या चित्रपटांची पडद्यामागची हकिकत सांगतो. इयान फ्लेमिंगच्या कादंबऱ्या, ब्रोकोली आणि साल्ट्झमन या निर्मात्यांची भागीदारी व ताटातूट, हक्कांवरून झालेली कोर्टबाजी, असा त्याचा विस्तार आहे. त्यातून एक जुना प्रश्न उभा राहतो: सगळे बदलत असताना माणूस 'तोच' कशामुळे राहतो?

शरीरामुळे म्हणावे, तर १९६२ च्या 'डॉ. नो'पासून २०२१ पर्यंत या मालिकेत सहा नट बाँड झाले. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने स्मृतीवर भर दिला. मागचे आपले म्हणून ज्याला आठवते, तो तोच. बाँडपटांत याला आधार सापडतो. १९६९ मध्ये जॉर्ज लेझनबीच्या बाँडची पत्नी लग्नाच्याच दिवशी मारली जाते. १९८१ मध्ये तिच्या कबरीवर फुले वाहतो तो रॉजर मूर. 'मिलिंदपञ्ह' या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो: पहाटेची ज्योत संध्याकाळचीच नव्हे आणि वेगळीही नव्हे. एकाचे दुःख दुसऱ्याने वाहणे या दाखल्यात नेमके बसते. २००६ च्या 'कसिनो रॉयाल'मध्ये मात्र ती ज्योतच विझवली गेली. डॅनियल क्रेगच्या बाँडला भूतकाळच नाही, तरी त्याची वरिष्ठ पूर्वीचीच ज्युडी डेंच, आणि प्रेक्षकांनी त्यालाही बाँडच मानले.

म्हणजे निवाडा बाहेरून होतो. केव्हिन मॅक्लोरी यांनी 'थंडरबॉल'च्या कथेवरून फ्लेमिंगना कोर्टात खेचले आणि चित्रपटाचे हक्क मिळवले. त्यांतूनच १९८३ मध्ये शॉन कॉनरीचा 'नेव्हर से नेव्हर अगेन' आला. त्याच वर्षी मूरचा 'ऑक्टोपसी' आला. मूळ चेहरा कॉनरीचा, पण मालिकेत मोजला जातो तो मूरचाच चित्रपट.

बाहेरून मिळालेली ओळख म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या आईला मुलांची नावे आठवत नाहीत. लॉकचा निकष काटेकोरपणे लावला, तर ती पूर्वीची व्यक्ती उरत नाही. घरचे हे मान्य करत नाहीत, आणि बरोबर तेच आहेत. तिचे आयुष्य आता इतरांच्या आठवणीत सांभाळले जाते. बाँडशी तिचे साम्य एवढ्यापुरतेच. बाँडच्या आत कोणी नाही, म्हणून हक्कांचे मालक त्याचा भूतकाळ पुसू शकतात; आईला नावे आठवत नसली तरी भीती आणि माया कळते, म्हणून तिच्या ओळखीवर कोणाचीही मालकी चालत नाही.