अंगणांतील फुलें आणि शेजारधर्म

(वाचावयाचे शास्त्रभाग : मत्तय ५:४३–४८, ६:२८–३०, १ करिंथ १०:१४–३३)



उपवासकाळ आणि वसंत हे आपल्या देशांत बहुधा बरोबरच येतात. शिमग्याच्या सुमारास बोरिवलीच्या रानांत पळस, पांगारा व कांटेसावर हीं निष्पर्ण झाडें फुलांनीं तांबडीं होतात. पुढें चैत्र-वैशाखांत बहावा पिवळे घोस सोडितो. परंतु आज आम्हांस रानाविषयीं लिहावयाचें नाहीं. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड हीं एके काळीं खेडींच होतीं, इ. स. १९५० व १९५७ या सालीं तीं बृहन्मुंबईंत घेतलीं गेलीं. आतां येथें अंगण म्हणजे चाळीपुढची चार हात जमीन, नाहीं तर खिडकीच्या गजांत बसविलेले तेलाचे डबे. तरी त्या डब्यांतहि मोगरा आहे, तगर आहे, जास्वंद आहे. आणि जो कोणी गांव सोडून येथें आला त्यानें आईच्या दारचें एखादें रोप बरोबर आणिलेंच आहे.

बहार धरणें म्हणजे काय, हें आमच्या शेतकरी वाचकांस सांगावयास नको. डाळिंबाला किंवा संत्र्याला जसा ताण देतात तसाच मोगऱ्यालाहि द्यावा लागतो. थंडींत त्याची छाटणी करावी, कांहीं दिवस पाणी तोडावें, मग मुळांशीं खत घालून पाणी सोडावें. म्हणजे उन्हाळा लागतांच नवी फूट येते व तिच्या शेंड्यावर कळ्या धरतात. नवख्याला वाटतें कीं, माळी झाड मारीत आहे. प्रभूनें द्राक्षवेलाच्या छाटणीविषयीं जें सांगितलें (योहान १५), तें कोणा पंडितापेक्षां अशा माळ्यास लवकर समजेल. आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पालेस्टाईन देशांत पाऊस हिवाळ्यांत पडतो, आणि त्या ओलीवर फाल्गुनाच्या सुमारास डोंगरउतार रंगीबेरंगी फुलांनीं भरतात. उष्ण वारे सुटले कीं सर्व वाळून चुलींत जातें. प्रभूच्या श्रोत्यांनीं हें डोळ्यांनीं पाहिलेलें होतें. आपल्याकडे उलट आहे. विहिरी खोल जातात, नळाचें पाणी कमी होतें, तेव्हांच आपला मोगरा फुलतो. रोजच्या भाकरीची चिंता करणाऱ्यांस आपला देव टंचाईच्या दिवसांतच फुलें दाखवितो.

आतां ज्या कारणासाठीं लेखणी घेतली तें सांगतों.

फुलांच्या संबंधानें एक प्रश्न आमच्या मंडळ्यांत पुनःपुन्हा निघतो. ख्रिस्ती मनुष्याच्या दारीं फूल आहे. शेजारी तें आपल्या देवपूजेसाठीं मागतो. द्यावें कीं न द्यावें? हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. ज्यानें मूर्ति सोडिली व त्यापायीं भाऊबंदांचे बोल सोसले, त्याच्या मनाला तो खरोखर बोंचतो.

कांहीं वर्षांपूर्वीं मुलुंडकडील एका बंधूनें हाच प्रश्न आम्हांस विचारिला. तो नगर जिल्ह्यांतून आलेला. चाळींत तळमजल्यावर खोली व पुढें दोन जास्वंदी. पलीकडच्या खोलींतल्या एक वृद्ध बाई रोज पहाटे येऊन गणपतीसाठीं चार फुलें तोडून नेत. त्या त्याच्या लेकरांना ताक देत. पत्नी कामावर गेली असतां धाकट्याला सांभाळीत. “पाळकसाहेब, माझ्या झाडाचं फूल मूर्तीला जातं, यांत माझा वाटा होतो का?” असें त्यानें विचारिलें. आम्ही त्या मंडळींत नवेच होतों आणि आमच्या ठायीं सौम्यतेपेक्षां आवेश अधिक होता. आम्ही करिंथकरांस पत्रांतील प्रभूचा मेज व भुतांचा मेज हीं वचनें दाखविलीं, आणि देऊं नये असें स्पष्ट सांगितलें. त्यानें आज्ञा मानिली व जास्वंदीभोंवतीं तारेचें कुंपण घातलें. बाई कांहीं बोलल्या नाहींत. येणें मात्र बंद झालें. ताकहि बंद झालें, आणि तें योग्यच होतें असें आम्हांस आतां वाटतें.

पुढच्या वर्षीं त्या बंधूची आई प्रभूंत निजली. आम्ही प्रेतक्रियेस गेलों. मंडळी जमली होती. गीत चाललें होतें. तेवढ्यांत त्या बाई दाराशीं आल्या. हातांत केळीच्या पानांत बांधलेला मोगऱ्याचा हार होता. बाजारांतून विकत आणिला होता. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या आणि हळूच आम्हांसच म्हणाल्या, “तुमच्यांत फुलं वाहिलेली चालतात ना, बाबा? नसेल चालत तर मी परत नेते.”

बंधूनो, त्या प्रश्नानें आम्ही लाजलों. पौलाचा तोच अध्याय आम्ही आमच्या बंधूस वाचून दाखविला होता, पण अर्धाच. दुसऱ्याच्या मनोदेवतेचा विचार करा, हें त्याचें उत्तरार्धांतील सांगणें त्या हिंदू बाईंनीं न वाचतां पाळलें, आणि आम्ही वाचूनहि पाळलें नाहीं.

त्या रात्रीं आम्ही तो भाग पुन्हा आरंभापासून शेवटपर्यंत वाचिला. प्रेषित दोन गोष्टी वेगळ्या ठेवितो. मूर्तीच्या मेजावर बसून त्या पूजेंत भागीदार होणें, हें ख्रिस्ती मनुष्यास मना आहे. त्यांत तडजोड नाहीं. परंतु बाजारांत जें विकतें तें चौकशी न करितां घ्यावें, कारण पृथ्वी व तिच्यावरील सर्व कांहीं प्रभूचें आहे. कोणी म्हणेल, हें अर्पिलेलें आहे असें सांगितल्यास खाऊं नये, असेंहि तेथें आहे. खरें आहे. पण तें सेवन करण्याविषयीं आहे, आणि त्याचें कारणहि दुसऱ्याची मनोदेवता हेंच दिलें आहे. चार जास्वंदी दिल्यानें आम्ही गणपति पुजूं लागलों असें त्या बाईंस कधींच वाटलें नव्हतें. आमचा देव कोण हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. वसईकडच्या वाड्यांतून मोगरा व सोनचाफा दादरच्या फुलबाजारांत येतो. लावणाऱ्यांत कितीएक ख्रिस्ती आहेत. त्यांचें फूल कोणाच्या वेणींत जातें, कोणाच्या देव्हाऱ्यांत, कोणाच्या तिरडीवर, हें त्यांनीं कोणास विचारावें? आणि स्वर्गांतील पिता ऊन व पाऊस देतांना कोणाचें शेत कोणत्या देवाच्या नैवेद्याला पिकतें हें विचारीत नाहीं.

तथापि उपदेशक बंधूंनीं येथें घाई करूं नये. आमच्या मंडळ्यांत असेहि लोक आहेत कीं, ज्यांच्या घराण्यांत देवळाला फुलें व बेल पुरविणें हेंच काम होतें. अशा नव्या विश्वासणाऱ्याच्या हातांत जास्वंद आली कीं जुनें सर्व उभें राहतें. त्यानें झाड न लाविलें तर त्याला भित्रा म्हणूं नये, आणि शेजाऱ्यास फूल दे असा हुकूमहि करूं नये. आमच्या भगिनींच्या केसांतल्या गजऱ्याविषयीं कांहीं ठिकाणीं जे वाद चालतात, त्यांविषयीं आम्ही इतकेंच म्हणतों कीं, मंडळीच्या सभेंत यापेक्षां गरजेचीं कामें पुष्कळ आहेत.

आपल्यापर्यंत सुवार्ता जी आली ती कोणाच्या हातून, याचाहि विचार करावा. डॉ. विल्यम केरी हे इ. स. १७९३ त बंगाल्यांत आले. त्यांनीं इ. स. १८०५ त मराठीचें व्याकरण छापिलें आणि इ. स. १८११ त मराठी नवा करार श्रीरामपुराहून निघाला. या कामीं त्यांस वैजनाथ पंडित नांवाच्या हिंदू विद्वानाचें साहाय्य होतें. आपला देव ज्याचा देव नव्हता, अशा मनुष्यानें आपल्या भाषेचीं फुलें खुडून आपल्या उपासनेसाठीं दिलीं. त्यानें कुंपण घातलें असतें तर?

हेच केरीसाहेब मोठे बागवान होते. इ. स. १८२० त कलकत्त्यास शेतकी व बागाइतीची जी संस्था निघाली ती त्यांच्याच खटपटीनें. एकदां इंग्लंडाहून बियांची पिशवी आली; बिया काढून घेतल्यावर त्यांनीं तिच्यांतली उरलेली माती सावलीच्या जागीं झटकली, आणि कांहीं दिवसांनीं तेथें त्यांच्या देशांतलें डेझी नांवाचें लहानसें फूल उगवलें. तें पाहून त्यांस पराकाष्ठेचा आनंद झाला. इ. स. १८२३ त नदीला पूर येऊन ती सर्व बाग बुडाली. त्यांनीं ती पुन्हा लाविली. आपले नारायण वामन टिळक इ. स. १८९५ त बाप्तिस्मा पावले. त्यांना फुलामुलांचे कवि म्हणतात. धर्म बदलला म्हणून त्यांनीं फुलें सोडिलीं नाहींत, अभंगहि सोडिला नाहीं. आज आपण उपासनेंत जीं पदें गातों त्यांपैकीं कितीएक त्याच बागेचीं आहेत.

मुलुंडच्या त्या बंधूकडे आम्ही स्वतः जाऊन चूक कबूल केली. तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पाळकसाहेब, तार काढतांना मला मदत करा, गांठी फार घट्ट बसल्यात.” पुनरुत्थानदिनाच्या आदल्या सायंकाळीं आम्ही दोघांनीं ती काढिली, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे त्याची मुलगी वाटींत चार फुलें घेऊन पलीकडे गेली, कारण बाईंना आतां गुडघ्यांमुळें पायरी उतरवत नाहीं. त्या मंडळींत आलेल्या नाहींत. आम्ही त्यांच्यासाठीं प्रार्थना करितों, फुलाच्या बदल्यांत कांहीं मागत नाहीं.

यंदा ती चाळ पाडून तेथें उंच इमारत होणार असें ठरलें आहे. जास्वंदी जुनी, मुळासकट निघणार नाहीं. म्हणून त्या बंधूनें तिच्या फांद्या कापून दोन डब्यांत लाविल्या आहेत. एका डब्यावर त्याचें नांव आहे आणि दुसऱ्यावर त्या बाईंचें. गेल्या आदितवारीं आम्ही पाहिलें, तेव्हां दोहोंनाहि पालवी फुटली होती.