आश्रय सुटतो तेव्हा

गृहस्थाची श्रद्धा नित्याच्या दिवसांत फारशी कसोटीस लागत नाही. घर, गाव, वृत्ती, आप्त यांपैकी एखादा आधार अकस्मात सुटला म्हणजे मात्र तिचे खरे स्वरूप प्रकट होते.

१९४७ साली पंजाबातील लक्षावधी कुटुंबांवर हा प्रसंग आला. लाहोर सीमेपलीकडे राहिले, पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही आणि शासन काही वर्षे शिमल्याहून चालले. पुढे शिवालिकाच्या पायथ्याशी नवे नगर वसवण्याचे ठरले. चंडीमातेच्या मंदिरावरून त्याचे नाव पडले. आरंभीच्या आराखड्यावर श्रम करणारे मॅथ्यू नोविकी १९५० साली विमान-अपघातात निवर्तले व ते कार्य ल कॉर्बुझिए यांच्याकडे गेले. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते राजधानीचे उद्घाटन झाले. आज सेक्टर १७ च्या विस्तीर्ण चौकात सायंकाळी आबालवृद्ध निश्चिंतपणे फिरतात; त्यांपैकी कित्येकांचे आजे-पणजे नेसत्या वस्त्रानिशी सीमा ओलांडून आले होते.

हे पाहून भाविक मनुष्य सहज म्हणतो, “भगवंताची योजनाच तशी होती.” या वाक्याविषयी सावध असावे. याच नगरासाठी तेथील खेड्यांची जमीन घेतली गेली आणि शेतकऱ्यांना पिढीजात घरे सोडावी लागली. फाळणीत ज्याचे आप्त मारले गेले, त्यास सुंदर चौक दाखवून ईश्वरी योजना समजावणे ही भक्ती नव्हे, निष्ठुरता होय. भगवंताचा भरवसा मनुष्याने स्वतःच्या दुःखात धरावा. दुसऱ्याच्या दुःखात अन्न, निवारा आणि सोबत द्यावी. अर्थ सांगू नये.

मग संक्रमणकाळी भगवंत वाट दाखवतो ती कशी? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन आपली मती मोहित झाल्याचे कबूल करून शिष्यभावाने शरण येतो. भगवंत केवळ ‘ऊठ’ म्हणून थांबत नाहीत. आत्म्याचे नित्यत्व, कर्म, भक्ती, गुणत्रय असे सर्व उलगडून दाखवतात आणि अठराव्या अध्यायात, याचा पूर्ण विचार करून तुला रुचेल तसे कर, असे म्हणतात. सर्व भार आपल्यावर टाकण्याचे सुप्रसिद्ध आश्वासन त्यानंतर तीन श्लोकांनी येते. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. देवापुढे चिठ्ठ्या टाकून किंवा शकुन पाहून विचाराचे कष्ट चुकवणारा मनुष्य यातील पहिली पायरीच गाळतो, आणि वर त्यास शरणागती म्हणतो!

सेवानिवृत्त होणाऱ्या गृहस्थाला, किंवा मुलाच्या नोकरीपायी परप्रांती जाऊ लागलेल्या वृद्ध मातेला, पुढील दहा वर्षांचा नकाशा कोणी हाती देत नाही. तिला तिथली भाषा येत नाही, शेजार नाही, रोजचे देऊळ नाही. तिने रडू नये असे कोणते शास्त्र सांगते? अर्जुनाचेही डोळे पाण्याने भरले होते, आणि भगवंत त्याचा रथ सोडून गेले नाहीत. नव्या घरात देव मांडावे, नातवंडांस जवळ घ्यावे, शेजारणीची विचारपूस करावी. आज दिसते तेवढे कर्तव्य करावे. उद्याचे कर्तव्य उद्या दिसते.

श्रीज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीस समाधी घेतली आणि नामदेवांचा फार मोठा संग सुटला. पुढे ते उत्तरेकडे गेले. परंपरेप्रमाणे पंजाबातील घुमान येथे दीर्घकाळ राहिले. ज्यांना पंढरीचा क्षणभर विरह सोसत नसे, त्यांनी परक्या मुलखात, तेथील लोकांना कळेल अशा भाषेत नाम गाइले. त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबात समाविष्ट झाली. पंढरपूर सोडताना हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. घुमानास त्यांचे स्थान अद्याप आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले होते.